मधल्या पायरीचा चेहरा

अणदूर,
१० नोव्हेंबर २०२४

रंजनी,

तू मला ब्लॉक केलंस. फोनवर केलंस, व्हॉट्सॲपवर केलंस, आणि माझ्या दोस्ताच्या, गोरोबाच्या फोनवरून लावला तर तोही ब्लॉक. त्याचा बिचाऱ्याचा काय गुन्हा? म्हणून हे पत्र. तुझ्या लॅबचा पत्ता तू दिवाळीआधी धाडलेल्या पार्सलच्या खोक्यावरून उतरवलाय. खोकं तुमच्या दुकानामागं पडलं होतं. व्हय, कचऱ्यातून काढला. हस.

भाऊबिजेला तुमच्या दुकानापुढं मी बोललो ते चुकलं असं म्हणणार न्हाय. गिऱ्हाइकांसमोर आवाज चढला, तेवढं चुकलं. पण विचारलं ते काय वाईट विचारलं? तुझ्या वडिलांना म्हणालो, तुम्ही सोलापूर, अक्कलकोट, लातूरची माणसं आणून पोरीला दाखवता, मग समोरच्या गल्लीतला मी दिसत कसा न्हाय? तर ते साखर तोलत राहिले. तोलून झाल्यावर म्हणाले, "बी.एस्सी. अर्धी टाकून आलेल्याला मी पुड्या बांधायलासुद्धा ठेवणार न्हाय, पोरगी कुठं देऊ." आख्खं दुकान हसलं. तू आत होतीस. तुला ऐकू गेलं. तू बाहेर आली न्हाईस.

कॉलेज का सुटलं ते तुला ठाऊक आहे. सरांनी माझं जर्नल भिरकावलं, मी टेबल पालथं केलं. ते टेबल मला आजही पालथं करावं वाटतं. आता गुंडप्पा काकांच्या स्टुडिओत बसतो, आधारकार्डाचे फोटो कापतो आणि दिवसभर तुमच्या गल्लीकडं बघतो.

एकच सांग. तुझ्या मनात मी आहे की न्हाय? एका शब्दात लिही. मग मी गप बसतो.

उमाशंकर

*

पुणे,
१५ नोव्हेंबर

उमा,

तू कधी गप बसलायस, की आता बसशील?

ब्लॉक का केलं ते ऐक. मी अंधाऱ्या खोलीत फिल्म भरत होते. फोन बाहेर ठेवायचा नियम आहे, मी विसरले, चूक माझी. पण तू त्या दुपारी एकामागून एक इतके फोन लावलेस की आवाज बंद असलेला फोन खिशातून दिव्यासारखा लुकलुकत राहिला आणि त्या उजेडानं रोल जळाला. मॅडमनी सगळ्यांसमोर विचारलं, "कोण आहे हा?" मी काय सांगू? शेजारी आहे म्हटलं.

पत्र चालेल. पत्र लिहायला तुला बसावं लागतं, आणि बसलास की तुझा राग निम्मा होतो. फोन उघडणार नाही.

आता मुद्द्याचं, आणि शांत डोक्यानं वाच. हिवाळ्यात अजून एक स्थळ आहे, आळंदचं. बाबांनी आईसमोर शब्द दिलाय की हे शेवटचं. हे मोडलं तर मी पुण्यात राहीन, नोकरी करीन, आणि लग्न कुणाशी नि कधी ते माझं मी ठरवीन. ते मोडणारच. सगळी मोडली तसंच मोडेल. बाबा फोटो उजळ करून पाठवतात. फोटोत मी मैद्याची असते. मग ती माणसं येतात, मी सुसल्याच्या बश्या घेऊन बाहेर येते, आणि समोरच्यांची तोंडं उतरतात. सुरुवातीला मी रडायचे. आता बशीकडं बघते, चुरमुऱ्यात दाणे किती कमी घातलेत ते.

एवढं एक होऊ दे. मग तुझ्या प्रश्नाचं बघू. तोवर दुकानापुढं उभा राहू नकोस.

शिवरंजनी

*

अणदूर,
२० नोव्हेंबर
(हे पत्र पाठवलं नाही)

रंजनी,

आज तुझे वडील स्टुडिओत आले. मी आतल्या खोलीत होतो, पडदा उघडा होता, तरी माझ्याकडं बघितलं न्हाय. गुंडप्पा काकांना म्हणाले, "आळंदची माणसं इचित्र आहेत. मुलाचा अज्जा आहे गुरुलिंग म्हणून, त्याला फोटो नको, निगेटिव्ह पाहिजे."

त्या अज्जाच्या थोरल्या नातवाच्या वेळी म्हणे फोटोत एक पोरगी आणि पाटावर दुसरीच, असं झालं होतं. तेव्हापासून तो म्हणतो, मोबाइलातल्या फोटोला सगळे चुना लावतात, निगेटिव्हला चुना लागत न्हाय. निगेटिव्ह धाडा, गुलबर्ग्यातल्या माझ्या माणसाकडनं मी प्रिंट काढून घेतो.

काका म्हणाले, "वीरप्पा, पोरगी पुण्यात. रोलवर काढू कुणाला?"

वीरप्पांनी खिशातून पेनड्राइव्ह काढला. "दिवाळीतला फोटो आहे. ह्याचंच निगेटिव्ह करा. काळं-पांढरं चालेल, ते कबूल आहेत. आणि गुंडप्पा, जरा उजळ."

काकांचा हात आता कापतो. ते आत आले आणि पेनड्राइव्ह माझ्या हातावर ठेवला. वीरप्पा दारात उभे राहून बघत होते आणि बघत न्हाय असं दाखवत होते.

मी फोटो उघडला. तू गडद साडीत, पांढऱ्या काठाची. मागं साखरेची पोती. तू हसत न्हाईस, हसायच्या बेतात आहेस.

तुझं निगेटिव्ह मी करायचं, आणि ते दुसऱ्याच्या घरी जाणार. पेनड्राइव्ह आडात टाकावा वाटलं, वीरप्पांची कॉलर धरावी वाटली. काही केलं न्हाय. मग एक सुचलं. ते म्हणतात उजळ कर. मी काळी करीन. इतकी काळी की अज्जा प्रिंट बघून घरातूनच नको म्हणेल, आळंदहून कुणी निघणारच न्हाय. शेवटचं स्थळ मोडलं की तू मोकळी.

तुला कळवलं तर तू अडवशील. म्हणून हे पत्र धाडत न्हाय. दुसरं लिहितो.

उमाशंकर

*

अणदूर,
२१ नोव्हेंबर

रंजनी,

पत्र पोचलं. शांत डोक्यानं वाचलं. मी शेजारी, ठीक आहे.

एक काम आलंय. बेंबळीचे एक गृहस्थ आहेत, त्यांच्या पोरीचा कॉम्प्युटरवरचा फोटो रोलवर उतरवून पाहिजे, म्हणजे निगेटिव्ह करून. मुलाकडच्यांना तसंच पाहिजे म्हणे. काकांचा जुना रोलचा कॅमेरा चालू आहे, काळ्या-पांढऱ्याचा रोल मागवलाय, धुवायची औषधं पण. पण स्क्रीनचा फोटो रोलवर काढायचा कसा, हे काकांनी जन्मात केलेलं न्हाय. तुमच्याकडं तर आख्खे सिनेमे असे उतरवतात. उजेड किती, वेळ किती, सगळं लिही.

हे निमित्त आहे असं समजू नकोस. समजलीस तरी उत्तर दे.

उमाशंकर

*

पुणे,
२६ नोव्हेंबर

उमा,

निमित्त आहेच. पण प्रश्न बरा विचारलास, म्हणून लिहिते.

आमचं यंत्र कपाटाएवढं आहे. ते एकेक चौकट लाल, हिरव्या, निळ्या उजेडानं तीनदा छापतं. हार्ड डिस्क कधी दगा देईल सांगता येत नाही, फिल्म थंड खोलीत पडून राहते, म्हणून लोक सिनेमे उतरवून घेतात. तुझ्याकडं कॉम्प्युटर आणि काकांचा कॅमेरा आहे. तेवढ्यात होईल.

खोली पूर्ण काळी कर. देवाची समईसुद्धा नको, काचेत दिसते. स्क्रीन अर्धा तास आधी चालू ठेव, तापल्याशिवाय तिचा उजेड स्थिर होत नाही. आपोआप कमीजास्त होणारी ब्राइटनेस बंद कर. पूर्ण ब्राइटनेस ठेवू नकोस, पांढरं पेटतं आणि साडीच्या काठाची जर वगैरे सगळं एकच होतं. कॅमेरा स्टँडवर, बटण हातानं दाबायचं नाही, टायमर लाव. शटर एक सेकंद किंवा जास्त. झटपट शटर मारलंस तर स्क्रीनचे पट्टे येतील. फोकस केसाएवढा सैल ठेव, नाहीतर स्क्रीनच्या ठिपक्यांची जाळी उमटेल.

सगळ्यात आधी फोटो नाही काढायचा. स्क्रीनवर एक जिना कर, करड्या रंगाच्या पायऱ्यांचा, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत. तो वेगवेगळ्या वेळा देऊन रोलवर उतरव. धुतल्यावर ज्या चौकटीत सगळ्या पायऱ्या सुट्या दिसतात, तो तुझा वेळ. माणसाचा चेहरा मधल्या पायऱ्यांवर बसला पाहिजे. आपल्याकडचे चेहरे तर नेमके तिथंच असतात, आणि तिथलाच फरक आधी मरतो.

आणि हे लिहून भिंतीवर लाव. ब्राइटनेस आणि वेळ दोन्ही एकदम बदलायचं नाही. एकदा ब्राइटनेस ठरली की तिला हात लावायचा नाही, फक्त वेळ बदलायचा. तू दोन्ही बदलणार, मला ठाऊक आहे.

शिवरंजनी

*

अणदूर,
३ डिसेंबर

रंजनी,

दोन्ही बदललं. आख्खा रोल गेला. अर्धा कोळसा, अर्धा पाणी. कशानं काय झालं ते कळेना, म्हणून स्टँडला लाथ मारली. स्टँडचा पाय वाकला. काका म्हणाले, "बाबा, तुझ्या रागाला रोल कुठला टिकायचा. तू आधी स्वतःला टायमर लाव."

दुसऱ्या रोलवर तू सांगितलंस तसं केलं. जिना उतरवला. सगळ्या पायऱ्या आल्या. ओला रोल दोरीवर टांगून मी त्या पायऱ्या बघत बसलो. काका म्हणाले, आता जेव तरी.

एक अडचण आहे. त्या बेंबळीच्या पोरीचा फोटो उजळ आहे. मला चेहरा खाली उतरवायचाय. कमी वेळ देऊन बघितलं, पण काका म्हणतात, प्रिंट काढणारा हुशार असला तर तो उजेड कमीजास्त करून भरून काढील. असं काय करू की कुणीही प्रिंट काढो, चेहरा खालीच येईल?

उमाशंकर

ता.क. देव दरसालासारखा परवा पालखीतनं नळदुर्गाच्या देवळात मुक्कामाला गेला. अणदूर रिकामं वाटतंय. तू इथं नसतेस तेव्हा वाटतंच, आता देवही न्हाय.

*

पुणे,
८ डिसेंबर

उमा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. फोटो उजळ आहे आणि तुला तो खाली उतरवायचाय. म्हणजे घरच्यांनी पोरीला पांढरी करून दिलीय आणि तू तिला तिच्या मूळ रंगावर आणतोयस. होय ना? मला वाटलं नव्हतं की तुला असं काही सुचेल. आमच्या वेळी गावात असा एखादा फोटोवाला असता तर माझ्या कितीतरी संध्याकाळी वाचल्या असत्या.

काकांचं बरोबर आहे. नुसता वेळ कमी केलास तर प्रिंटवाला भरून काढतो. तो साडीचा काठ, भिंत, असलं काहीतरी पांढरं बघतो आणि त्यावरून अंदाज बांधतो. म्हणून पांढरं पांढरंच राहू दे आणि काळं काळंच. स्क्रीनवरच फक्त मधल्या पायऱ्या खाली ओढ, मग रोलवर उतरव. पांढरा काठ जागेवर असला की त्याला शंका येत नाही. काठ बरोबर आहे म्हणजे चेहराही असाच असणार, असं तो धरून चालतो.

फार ओढू नकोस. आहे तेवढीच खाली आण. आणि त्या मुलीला विचारलंस का? तिला विचारल्याशिवाय करू नकोस. तिच्या चेहऱ्याचं काय करायचं ते आजवर तिला कुणी विचारलं नसणार.

मी एकवीसला येतेय. बावीसला आळंदचे लोक. तेवीसला मी मोकळी. चोवीसला जमलं तर नळदुर्गाला जाऊ, देवाला. तू, मी आणि शेजारची करिश्मा. एकटे नाही. हुरळू नकोस.

शिवरंजनी

*

अणदूर,
१३ डिसेंबर

रंजनी,

विचारलं. ती व्हय म्हणाली.

काम साधलं. असलं निगेटिव्ह काकांनीसुद्धा कधी बघितलं न्हाय, काठ नेमका काळा, म्हणजे प्रिंटवर दुधासारखा येणार. ते गृहस्थ न्यायला आले तेव्हा मी काळजीत होतो. त्यांनी निगेटिव्ह ट्यूबलाइटपुढं धरलं, एक डोळा मिटून बघितलं आणि खूश झाले. "उजळ आली की." निगेटिव्हवर चेहरा फिका दिसला म्हणजे प्रिंटवर काळा येणार, हे त्यांच्या डोक्यातच आलं न्हाय. काका खोकले. मी पाकीट चिकटवलं.

चोवीसला मी पांढरा शर्ट घालीन. करिश्माला आण, तिच्या आईला आण, मला चालतंय. चोवीसनंतर मला तुझ्याकडनं एक शब्द पाहिजे. तू लिहिलंयस, मग बघू. मी बघतोय.

तुझा
उमाशंकर

*

अणदूर,
२३ डिसेंबर

उमा,

तुझ्या गल्लीतूनच लिहितेय आणि करिश्माच्या हाती धाडतेय. उद्या मी नळदुर्गाला येणार नाही.

काल आळंदची माणसं आली. अज्जा, मुलाची आई, मावशी आणि कुमार. मी बश्या घेऊन बाहेर आले आणि नेहमीप्रमाणं खाली बघत राहिले. मग मावशी म्हणाली, "अगंबाई, पोरगी फोटोपेक्षा किती उजळ आहे." मी वर बघितलं. सगळी माणसं हसत होती, माझ्याकडं बघून.

अज्जानं पिशवीतून निगेटिव्ह आणि गुलबर्ग्यात काढलेला प्रिंट काढून बाबांच्या पुढं ठेवला. म्हणाले, "वीरप्पा, आजवर आलेल्या प्रत्येक घरानं पोरगी होती त्याहून गोरी करून दाखवली. तुम्ही एकटे असे निघालात की आहे तीसुद्धा कमी करून दाखवली. असल्या घरची पोरगी मी सोडणार नाही." बाबांचं तोंड बघायला हवं होतंस. त्यांना काही कळत नव्हतं, पण मान डोलवत होते.

मी तो प्रिंट हातात घेतला. काठ पांढरा, पोती जागेवर, फक्त मधल्या पायऱ्या खाली ओढलेल्या. प्रिंटवाल्याला शंका येऊ नये अशा. उमा, ते माझंच पत्र होतं. मीच तुला शिकवलं.

बेंबळीची मुलगी व्हय म्हणाली, नाही का? तिनं तुला कधी सांगितलं रे? बाबा मला पांढरी करून धाडतात, तू काळी करून धाडलीस. मी पुण्यात बसून दोन्ही वेळेला आपली गैरहजर.

गप बसला असतास तर बाबांनी उजळ केलं असतं, अज्जानं फरक बघितला असता, उठून गेले असते. आणि आज मी मोकळी असते. एवढंच करायचं होतं तुला. काहीच करायचं नव्हतं.

शिवरंजनी

*

अणदूर,
२३ डिसेंबर, संध्याकाळ

रंजनी,

करिश्मा पत्र देऊन दारातच उभी आहे, तिच्याच हाती हे देतो.

मी तुला मोकळी करायला गेलो होतो. देवाशप्पथ. मला वाटलं अज्जा प्रिंट बघूनच फाडील. माणसं प्रिंट बघून आली कशी, हेच मला कळत न्हाय. काळी पोरगी आहे म्हणून समजून ती माणसं घरातून निघाली, असं आजवर कधी झालंय का सांग.

मी आळंदला जातो. अज्जापुढं उभा राहतो आणि सांगतो, निगेटिव्हला चुना लागतो, मी लावलाय, उलटा. वीरप्पांनी उजळ करा म्हणून सांगितलं होतं तेही सांगतो. तुझ्या बापाची सगळी अब्रू गेली तरी चालंल, पण हे लग्न मोडलंच पाहिजे. अज्जाला लबाडीचा तिटकारा आहे ना? मग एका मिनिटात मोडतंय.

तू फक्त हो म्हण. न्हाय म्हणालीस तरी मी जाणार आहे. तुझ्याशिवाय मी काय करू ते सांग. कॉलेज गेलं, गावात पत गेली, तू गेलीस की उरतं काय? आधारकार्डं?

उमाशंकर

*

पुणे,
४ जानेवारी २०२५

उमा,

सुट्टी संपवून आले. तू अजून गेला नाहीस असं करिश्माकडून कळलं. स्टुडिओही उघडत नाहीस, काका एकटेच बसतात. म्हणून हे लिहितेय, नाहीतर लिहिणार नव्हते.

तू आळंदला जाऊन सांगितलंस तर लग्न मोडेल. खरंच मोडेल. बाबांना मान वर करता येणार नाही, पण मी मोकळी होईन, त्यांच्या शब्दाप्रमाणं. तुला अडवत नाही.

पण एक गोष्ट तुला सांगायची आहे, आणि ती सांगायची मला लाज वाटते. ती मावशी म्हणाली ना, फोटोपेक्षा उजळ आहे, तेव्हा मला बरं वाटलं. राग यायला हवा होता. मी लॅबमध्ये दिवसभर करड्या पायऱ्या मोजते, मला ठाऊक आहे त्या वाक्यात काय आहे ते. तरी बरं वाटलं. मला बघून कुणाचं तोंड उतरलं नाही, असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदा झालं. त्या रात्री मी झोपले, नीट.

मग कुमारशी बोलले, दुसऱ्या दिवशी फोनवर. जनावरांच्या दवाखान्यात आहे तो. मी त्याला म्हटलं, फोटोवर विश्वास ठेवू नका. तर म्हणाला, "मी फोटो बघितलाच नाही, अज्जांचं खूळ आहे ते." मग विचारलं, फिल्म अंधारात भरताना हाताला कसं कळतं, सरळ बाजू कुठली. मी सांगितलं, कडेच्या भोकांवरून. तो म्हणाला, गाय व्यायला अडली की त्याचंही असंच असतं, सगळं हातानं बघायचं. आम्ही बराच वेळ बोललो. तुझ्याशी मी कधी एवढं बोलले नाही. तू बोलू दिलंस कुठं? तू कायम उत्तर मागत आलास.

त्याला तुझं नाव सांगितलेलं नाही. फोटो मुद्दाम काळा केलेला होता हेही नाही. सांगेन की नाही, ठाऊक नाही.

तू पहिल्या पत्रात विचारलं होतंस, एका शब्दात सांग. चोवीस तारखेला नळदुर्गात सांगणार होते. आता तो शब्द लिहिण्यात अर्थ नाही. मी बाबांना हो म्हणालेय. अक्षय्य तृतीयेचं धरलंय.

तुला मोडायचं असेल तर मोड.

शिवरंजनी

*

अणदूर,
१२ जानेवारी

रंजनी,

गेलो होतो.

पत्र वाचून तसाच उठलो आणि आळंदची गाडी धरली. वाटेत पाठ केलं काय बोलायचं ते. चुन्याचं, पेनड्राइव्हचं, तुझ्या वडिलांचं. शेवटी असंही ठरवलं होतं की तुझी आणि माझी गोष्ट सांगायची आणि मग तुम्हाला काय करायचं ते करा म्हणायचं.

घर सापडायला वेळ लागला न्हाय. कुमार अंगणात बनियनवर उभा राहून एका शेळीच्या तोंडात औषध ओतत होता. शेळी औषध थुंकत होती, तो पुन्हा ओतत होता. मी बघत उभा राहिलो. त्याच्या जागी मी काय केलं असतं सांगू? मी दुसऱ्या घोटालाच बाटली फेकली असती. तो काही चिडला न्हाय. शेळीला कानडीत काहीतरी समजावत होता.

मी म्हणालो, अणदूरहून आलोय, स्टुडिओतून. अज्जांना भेटायचंय. त्यानं हात धुतले आणि मला आत नेलं.

अज्जा खाटेवर बसले होते. तुझा प्रिंट त्यांनी बसवण्णाच्या तसबिरीखाली लावलाय. मला म्हणाले, "हा फोटो तुम्ही काढला?" मी म्हणालो, रोलवर मी उतरवला. म्हणाले, "बरं झालं आलात. असला काळा फोटो न लपवता धाडणारं घर सरळ असणार, म्हणून आम्ही निघालो. बाकी सगळं पटलं, पण एक खटकतंय. पोरगी फोटोपेक्षा उजळ निघाली. असं कधी होत न्हाय. गुलबर्ग्याच्या माणसालाही विचारलं, तो म्हणतो निगेटिव्ह चोख आहे. तुम्ही सांगा बाबा, ह्यात काही लबाडी आहे का?"

स्वतःहून विचारलं, रंजनी. मला तोंड उघडायचेसुद्धा कष्ट न्हाईत. सगळं पाठ होतं. व्हय म्हटलं असतं की संपलं. कुमार दाराला टेकून उभा होता, त्याच्या हाताला अजून औषधाचा वास येत होता. मला तुझी ती ओळ दिसायला लागली, त्या रात्री मी झोपले, नीट. दुसरं काही दिसेना. मी लई प्रयत्न केला. राग आणायचा प्रयत्न केला, जन्मात पहिल्यांदा. आला न्हाय.

मी म्हणालो, "न्हाय. आमचाच हात जरा खाली गेला. नवीन आहे मी."

अज्जा हसले. म्हणाले, "खाली गेलेला परवडतो. शिका हळूहळू." आणि आत सांगितलं, ह्यांना चहा करा.

मी उठायला बघत होतो, पण कुमारच्या आईनं थेट स्वयंपाकघराच्या दाराशी पाट टाकला. तिथं बसून चहा घेतला. तुला सांगायचं ते एवढंच. ओट्यापुढं खिडकी आहे. मोठी आहे, बाहेर झाड न्हाय की भिंत न्हाय. पूर्वेची असावी, दुपारी तिथं ऊन नव्हतं तरी कट्ट्याचा रंग उन्हानं उडालाय. सकाळी तिथं चांगला उजेड येत असणार.

पत्राचं उत्तर धाडू नकोस.

उमाशंकर